पांढऱ्या धुराचा कौल

आमच्या शेजारचे शाणूकाका टीव्हीशी बोलतात. तसं प्रत्येक घरात कुणीतरी बोलतंच. माझी आई मालिकेतल्या सासूला शिव्या घालते, बाबा क्रिकेटवाल्यांना बॅट कशी धरायची ते शिकवतात. पण शाणूकाका टीव्हीला टीव्हीवर काय चाललंय ते सांगतात. तेसुद्धा ओरडून. बातम्यांत कुणी मंत्री विमानातून उतरताना दिसला की काका लगेच, "उतरलो! विमानातसून उतरलो! निळो कोट घातल्यान! पोट वाढला मरे ह्याचा!"

"काका, मला दिसतंय की," मी म्हणतो.

"तुका दिसता म्हणून जगाक दिसता काय रे?"

आधी वाटायचं, वय झालं, कान गेले असतील. पण कसले जातात! तीन घरं सोडून नारळ पडला तर काका इथून सांगतात, कोवळा की सुका.

मी नकला करतो. चतुर्थीला पेडण्याच्या आमच्या वाड्यावर स्टेज बांधलं की पणजीच्या बसचा कंडक्टर, म्हापशाची मासळीवाली, आमचे ड्रिलमास्तर असे सगळे माझ्या घशातून बाहेर पडतात. पण शेवटी लोक ओरडतात, "शाणूकाका कर!" मग मी कमरेवर हात ठेवतो, मान उजवीकडे टाकतो आणि नुसतं म्हणतो, "उजवी." मंडप खाली बसतो हसून.

हे उजवी काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. काका गुरव. गावच्या देवळात कौल लावायचं काम त्यांच्या घराण्याकडे. देवीच्या मूर्तीवर पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवीकडची पाकळी पडली तर देवी हो म्हणाली. डावीकडची पडली तर नाही. मुलीचं लग्न, कोर्टातली केस, दुबईची नोकरी, सगळं त्या पाकळ्यांवर. काकांनी आयुष्यभर हे केलं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून पुतण्या करतो, पण काकांच्या तोंडातून देऊळ काही गेलं नाही. "काका, चहा टाकू?" "उजवी." "साखर?" "डावी, डायबिटीस हा." आणि समोरच्याने जरा घाई केली की, "देवीक घाई नाय, तुका कित्याक रे?"

एकदा मी विचारलं होतं, "तुम्ही स्वतःसाठी कधी कौल लावला?"

"खुळो काय तू? गुरवान आपलो कौल लावूचो नसता. हात थरथरता."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी कारापूरला दिलेली. घरात काका आणि टीव्ही. म्हणून संध्याकाळी मी जाऊन बसतो. आता खरं सांगायचं तर आमच्या घरचा टीव्ही आईच्या ताब्यात असतो, हेही एक कारण.

तर आधीचे म्हातारे पोप वारले म्हणून गेल्या मे महिन्यात नवा पोप निवडायचा होता, आणि प्रत्येक चॅनलवर तेच. काकांनी पहिल्या दिवसापासून टीव्हीला मिठी मारली. इकडचे कार्डिनल, तिकडचे कार्डिनल, म्हणजे मोठे पाद्री, सगळे रोमच्या एका देवळात जाऊन बसले, दार बंद. मोबाइल काढून घेतले. बाहेर नुसती एक चिमणी. काळा धूर आला तर ठरलं नाही, पांढरा आला तर ठरलं.

काका मांडीवर थाप मारून उठले. "हो कौलच मरे! आमची पाकळी, तेंचो धूर. काळो म्हणजे डावी, पांढरो म्हणजे उजवी!"

त्या दिवसापासून रोमचं सगळं काम काकांच्या देखरेखीखाली चालू झालं. स्टुडिओत चार तज्ज्ञ बसून कोण पोप होणार ते सांगायला लागले की काका भडकायचे. "देवान अजून तोंड उघडूक नाय आणि हे चौघे कौल देतत! बघ बघ, तो टकलो! हेका कोणी विचारल्यान?" एकदा चिमणीवर एक पांढरा समुद्रपक्षी येऊन बसला. जगभरचे कॅमेरे त्याच्यावर. काकांनी हात जोडले. "कावळो शिवलो! म्हातारो सुखान गेलो मरे. इच्छा ऱ्हवूक नाय कसली."

"काका, तो कावळा नाही."

"रोमचे कावळे पांढरेच असतत."

पहिल्या रात्री काळा धूर आला. "डावी!" काका असे ओरडले की आमच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "काळोकुट्ट! डावी! ठरूक नाय!"

गावात चेष्टा सुरू झाली. दुकानावर कुणीतरी म्हणालं, "शाणू, रोमच्या देवळात गुरवकी मिळाली म्हणतत तुका?"

"मिळाली," काका म्हणाले. "तुकाय न्हेतंय. झाडू मारूक माणूस होयो हा."

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. काकांनी टीव्ही भिंतीवरून काढून खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला होता, तोंड अर्धं बाहेर. मी तिरका बसून बघायचो. माझी मान धरली.

"काका, हा असा का ठेवलाय?"

"वारो लागता तेका."

खिडकीच्या पलीकडे गडगा, म्हणजे चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. गडग्याला लागून फणस. आणि फणसाच्या पलीकडे रोजाबायचा बाल्कांव, तिच्या घरासमोरचा बसायचा ओटा. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत रोजाबाय तिथे बसून तेर्स म्हणते, माळेचे मणी ओढते. मोतीबिंदूने तिला आता फार दिसत नाही. मुलगा बोटीवर असतो. टीव्हीचं रिचार्ज कधीच संपलंय, आणि न दिसणाऱ्या बाईने ते भरायचं तरी कशाला? सोबतीला तिचा कुत्रा टायगर. दिवसभर त्याच्याशी गप्पा. काकांनी 'डावी' म्हणून बोंब मारली तेव्हासुद्धा पलीकडून ऐकू आलं होतं, "टायगरा, आयज ना म्हूण. फाल्यां पळोवया." मला वाटलं, कुत्र्याचं हाड उद्यावर ढकलतेय.

काका आणि रोजाबाय एकमेकांशी बोलत नाहीत. कारण तो फणस. रोजाबायच्या नवऱ्याने, सांतानने, तो लावलेला. सांतान आणि काका जिवाचे दोस्त, दोघे मिळून तेरेखोलच्या नदीवर गळ टाकून बसायचे. सांतान गेल्यावर फणसाची एक फांदी काकांच्या कौलांवर आली. रविवारी रोजाबाय मिसाला चर्चमध्ये गेलेली बघून काकांनी माणूस आणून ती तोडून टाकली. तिने परत येऊन बघितलं. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून नाहीच बोलली. आधी दर मे महिन्यात अर्धा फणस गडग्यावरून इकडे यायचा, तोही बंद.

तर दुसरा दिवस. आम्ही जेवून टीव्हीसमोर बसलो होतो. बातम्यांची बाई एकदम किंचाळली, "धूर दिसतोय! चिमणीतून धूर येतोय, आणि या धुराचा रंग..."

फट्. वीज गेली.

सगळा वाडा काळोखात. काकांनी टीव्हीला दोन फटके मारून बघितले. मग मला ऐकू आलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. पलीकडची तेर्स थांबली होती.

"मोबाइल! मोबाइल काढ, मेल्या!"

आमच्याकडे रेंज फक्त तुळशीपाशी मिळते. मी अंगणात धावलो, तुळशीच्या कट्ट्यावर चढलो, फोन वर धरला. चक्र फिरतंय, फिरतंय. काका खाली माझा पाय धरून उभे. मग चित्र आलं.

"काका, पांढ..."

काकांनी मला कट्ट्यावरून खाली ओढलं आणि तोंडावर हात दाबला. "हळू! तू नाय सांगायचा!"

"मग तुम्ही सांगा."

"मी कसो सांगू? टीव्ही बंद हा. आता बोललंय तर तिका सांगितल्यासारखा होतला मरे!"

तिका. मी काळोखात गडग्याकडे बघितलं. मग खिडकीकडे, टीव्हीच्या बाहेर वळलेल्या तोंडाकडे. निळो कोट. पोट वाढला. काळोकुट्ट. एवढे दिवस मी तिरका बसून मान मोडून घेतली, आणि माझ्यासारख्या हुशार माणसाला कळलं नाही की तो टीव्ही माझ्यासाठी नव्हताच.

काका माझा दंड धरून म्हणाले, "टीव्हीन सांगूक व्हया. तू नकला करतंस ना? मग तूच टीव्ही हो."

मी कुणाकुणाच्या नकला केल्यात, पण बंद पडलेल्या टीव्हीची कधी केली नव्हती. खिडकीखाली जाऊन बसलो. घसा साफ केला. त्या बाईचा आवाज काढला, नाकातला, धावत आल्यासारखा.

"आत्ताची सर्वात मोठी बातमी! रोममधून थेट! धुराचा रंग पांढरा! होय, पांढराशुभ्र! नवे पोप ठरले! चौकात हजारो लोक रडत आहेत, एकमेकांना मिठ्या मारत आहेत!"

"घंटा," काका कुजबुजले. "घंटा वाजव."

"ढँण! ढँण! ढँण!" मी घंटा झालो. मग गर्दी झालो. मग उत्साहाच्या भरात जाहिरातसुद्धा सुरू करणार होतो, काकांनी पाठीत बुक्का घातला.

 काका माझ्या दंडाला धरून गडग्याकडे बघत उभे होते. देवळात कौल लावला की लोक पाकळ्यांकडे बघत उभे असतात ना, श्वास धरून, तसे. त्यांचा हात थरथरत होता.

पलीकडून खुर्ची करकरली.

"टायगरा," रोजाबायचा आवाज आला, "सगळ्या वाड्यार लायट ना, आनी शाणूचो टीव्ही चलता. आयकलें मरे?"

इथे एक सांगायचं राहिलं. टायगर या पोप प्रकरणाच्या आधी, नाताळापूर्वीच मेला होता. फणसाखाली खड्डा मीच खणला होता. ती त्याच्याशी बोलते ती सवयीने, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

  ती परत म्हणाली, आणि या वेळी टायगर नव्हता मध्ये.

"शाणू. त्या टीव्हीक फाल्यां हांगा धाड. बरो उलयता. आनी तूंय यो. पणस पिकला. हांव एकटी कितलो खातलीं?"

टीव्ही म्हणजे मी; उद्या आम्हा दोघांनाही फणस खायला बोलावणं होतं. काकांनी माझा दंड सोडला. मान उजवीकडे टाकली.  मग म्हणाले, इतकं हळू की मलाच ऐकू आलं.

"उजवी."

थोड्या वेळाने वीज आली. टीव्ही आपला आपण बोंबलायला लागला. रोममधल्या बाल्कांवचे पडदे सरकले, पांढऱ्या झग्यातला माणूस बाहेर आला आणि त्याने हात वर केला. मी वाट बघितली, काका आता ओरडतील. त्यांनी खिडकीतून हात घालून टीव्हीचा आवाज बंद केला आणि गडग्यापाशी जाऊन उभे राहिले.

"रोजाबाय," ते म्हणाले, "भायर इलो गो. पांढरो झगो घातल्यान. हात हालयता. आमच्या सांतानासारखो हसता."

काका ओरडत नव्हते. पुढच्या चतुर्थीला लोक ओरडतील, "शाणूकाका कर," आणि मी 'उजवी' करीन, 'डावी' करीन, पांढरा कावळासुद्धा करीन. गडग्यावरून बोललेला तो आवाज मात्र मला जमत नाही. घरी दार लावून करून बघितलाय.