चहा अधिक भजी बरोबर पळा!

बाळांनो, एक गंमत मनात आणा. डोळे मिटू नका, मिटले तर पुढचं वाचणार कसं? मनात आणा, तुम्ही येरमाळ्याच्या हमरस्त्यावर एका हॉटेलात उभे आहात. समोरून उसाचे ट्रॅक्टर आणि मालट्रक धडधडत चालले आहेत. शेजारी मिरची कांडपाचं यंत्र धप, धप, धप करत आहे. आणि तुम्हाला मागच्या शेडात भजी तळणाऱ्या माणसाला सांगायचं आहे, "एक ताट भजी!" कसं सांगाल? ओरडून? ओरडून पाहा. तो कानामागं हात नेईल, तुम्ही पुन्हा ओरडाल, आणि तोवर गिऱ्हाईक मिरचीच्या ठसक्यानं डोळे पुसत निघून गेलेलं असेल.

सृष्टीच्या आजोबांचं, म्हणजे गुंडाप्पांचं, हॉटेल अगदी असंच होतं. उड्डाणपूल झाल्यापासून लांबच्या बसगाड्या तिथं थांबेनाशा झाल्या होत्या. "एक तरी बस रोज थांबली पायजे. न्हाईतर दिवाळीनंतर हॉटेलाला कुलूप!" असं रुद्रम्मा आज्जीनं सांगून टाकलं होतं. नशीब असं, की अमरनाथ शेठ नावाचे एक बसमालक रविवारी आपली बस घेऊन स्वतः यायचे होते. त्यांची अट सरळ होती. बसभर माणसांना चहा आणि भजी झटपट मिळाली पाहिजेत आणि बस वेळेवर सुटली पाहिजे. जमलं तर बस रोज इथंच थांबणार. नाही जमलं तर पुढचा ढाबा.

सृष्टी सहावीत होती. तिचे महांतेशमामा इंटरनेटच्या तारा जोडायचं काम करत. तिनं त्यांना गाठलं.

"मामा, तुमच्या तारंतनं उजेड पळतो म्हणं. मला भजीपत्तुर पळवायचाय."

मामा हसले, पण उरलेली तार घेऊन आले. आत केसाएवढा काचेचा धागा, वर पिवळं वेष्टण. तार कुठं तुटली ते शोधायला वापरतात ते लाल पेन त्यांनी एका टोकाला लावलं. दुसऱ्या टोकासमोर पांढरी वाटी धरली, तर वाटीत लाल ठिपका!

"टोकात कधी डोकवायचं न्हाय हां. उजेड वाटीवर पाडायचा आणि वाटीकडं बघायचं," मामांनी बजावलं. मग खिशातून काडीएवढी एक पोलादी नळी काढली. तिच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन धागे बाहेर आले होते. "ह्याला कपलर म्हणत्यात. दोन काचेचे धागे शेजारी धरायचे, तापवायचे, अलगद ताणायचे. मधे ते एकजीव हुत्यात. उसाच्या रानात दोन पाट शेजारून चाललेत आणि मधला बांध हातभर फुटलाय असं समज. कुठल्याबी पाटात पाणी सोड, पुढं दोन्हीकडं जातंय."

सृष्टीनं भुवया आक्रसल्या. "मग चहाला आन् भजीला एकच उजेड दिसंल की. कुणासाठी हाय ते कसं कळंल?"

"शाब्बास! खरं काम तितंच हाय. ज्याला त्याला खूण ठरवून द्यायची. मोठी इंजिनेर मंडळी उजेडाची एकच लुकलुक अशा कपलरनं वाटून घेत्यात आणि तुकडे लांब-आखूड धाग्यांतनं पाठवत्यात. आखूड वाटंचा तुकडा आधी पोचतो, लांब वाटंचा मागून. झाली खूण! तू बटन दाबून कर. ताल धरायला कांडप हायच की शेजारी."

सृष्टीचे डोळे त्या वाटीतल्या ठिपक्यासारखे चमकले. मामा कामावर गेले, जाताना आणखी एक कपलर ठेवून गेले.

खुणा अशा ठरल्या. आधी एक लांब उजेड, म्हणजे 'सावध'. मग कांडपाचे चार धप मोजायचे. पहिल्या आणि तिसऱ्या धपेला उजेड आला, तर एक ताट चहा. दुसऱ्या आणि चौथ्या धपेला आला, तर एक ताट भजी. आणि चारही धपांना उजेड आला तर? धोका! गॅस बंद करायचा, भट्टी विझवायची आणि बाहेर पळायचं. ही खूण आज्जीनं मुद्दाम घालायला लावली होती. मागं एकदा गॅसची नळी गळाली होती, तेव्हापासून तिनं त्याचा धसका घेतला होता.

आता पेन कुणाकडं, यावरून वाद पेटला.

"गल्ल्यावर मी बसतो. पेन माज्यापाशी," गुंडाप्पा म्हणाले.

"आन् दारात गिऱ्हाईकाला इचारतंय कोण? मीच की! तुमी तर टेकल्या टेकल्या घोरताव!"

"म्या घोरतो? म्या इचार करतो!"

"मग इचाराचा आवाज कमी करा!"

सृष्टीनं वाद मिटवला. कपलरला एका अंगानं दोन पाय, म्हणजे दोन धागे, होतेच. एक पाय आजोबांच्या गल्ल्याकडं, एक आज्जीच्या दाराकडं. मामांकडून दुसरं पेन आलं. पलीकडच्या अंगाचा एक पाय चुलीपाशी चहा करणाऱ्या प्रेमाबाईंकडं आणि दुसरा मागच्या शेडात भजी तळणाऱ्या उत्तरेश्वरकडं गेला. टोकं टक्कन बसली. दोन दिवस तालीम झाली. आजोबांनी खूण केली की चहा येई, आज्जीनं केली की भजी येत. कांडपवाला भिंतीवरून डोकावून विचारी, "माजं यंत्र चालू ठिवू का बंद करू?" आणि सगळे एका सुरात ओरडत, "चालूच ठेवा!"

रविवार उजाडला. बस आली. दार उघडलं आणि माणसं भराभरा उतरली. मागून पांढऱ्या शर्टातले अमरनाथ शेठ उतरले, घड्याळाकडं बघतच. शेजारी ड्रायव्हर कपाळ पुसत उभा राहिला.

"चहा पाठवा!" बाकावरून कुणीतरी ओरडलं.

"भजी हायेत का गरम?" दारातून दुसरं कुणी.

गुंडाप्पांनी पेन उचललं. दारात रुद्रम्मानं पेन उचललं. दोघंही उतावीळ, दोघांनीही एकाच क्षणी लांब उजेड सोडला. आणि कांडपानं ताल धरला.

धप! आजोबांचा उजेड. धप! आज्जीचा. धप! आजोबांचा. धप! आज्जीचा.

आता सांगा पाहू, कपलरनं काय केलं असेल? त्याला काय कळतंय हा उजेड आजोबांचा आणि तो आज्जीचा! दोन्ही पाटांचं पाणी त्यानं एक केलं आणि दोन्हीकडं सोडून दिलं. प्रेमाबाईंच्या वाटीत चार उजेड. उत्तरेश्वरच्या वाटीत चार उजेड.

सृष्टी प्रेमाबाईंच्या शेजारीच उभी होती. तिच्या लगेच ध्यानात आलं. "मावशी, थांबा! तसं न्हाय ते..."

पण सृष्टीनंच दोन दिवस शिकवलं होतं, चार उजेड दिसले की कुणाचं ऐकायचं नाही! प्रेमाबाईंनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि "पळा गं बाय!" करत बाहेर धाव घेतली. मागच्या शेडातून उत्तरेश्वर आला. एका हातात झारा, दुसऱ्या हातात वाळूची बादली, अंगभर बेसन. वाळू कुठं ओतायची हे न कळल्यामुळं त्यानं ती गल्ल्यावर ओतली. गुंडाप्पा खोकत बाहेर आले.

आचारीच पळताहेत म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला थांबतंय? "आवो, चला चला!" एकानं लेकरू उचललं, दुसऱ्यानं चुकून दुसऱ्याचं उचललं, एक म्हातारे काठी विसरून सगळ्यांच्या पुढं धावले. बघता बघता अख्खी बस भरली. एका मिनिटापूर्वी भरलेलं हॉटेल रिकामं झालं. ओट्यावर भिजवलेल्या पिठाचं पातेलं तेवढं उरलं.

गुंडाप्पांनी कपाळाला हात लावला. "झालं! गेली बस पुढच्या ढाब्यावर."

रुद्रम्मा दाराला टेकली.  

तेवढ्यात ड्रायव्हर शेठजींचा हात धरून ओरडला, "शेठ! बगितलं का? सगळी माणसं शीटवर! हार्न न वाजवता! आवो, रोज माजा घसा कोरडा पडतो. एक पान खायाला जातो, एक लघवीला, एक फोनवर बोलत पार शेतात. अशी बस कवा भरलीच न्हाय!"

अमरनाथ शेठनी घड्याळ पाहिलं, बस पाहिली, वाळूनं माखलेले गुंडाप्पा पाहिले. "गुंडाप्पा, बसचा थांबा पक्का! रोज इथंच. पण एक अट. निघायच्या टायमाला रोज ह्येच करायचं."

"करतो की! रोज करतो! वाळूचा ट्रक मागवतो!" गुंडाप्पा उड्या मारायचेच बाकी होते.

"न्हाय करायचं," सृष्टी म्हणाली.

"सृष्टे, गप!" आजोबा कुजबुजले. "ऱ्हाऊ दे तसंच. कशाला हात लावू नगंस."

"आज्जा, ती चूक हाय. उद्या खरंच गॅस गळाला, तर लोक हसत हसत बशीत जाऊन बसतील आन् प्रेमामावशीला वाटंल, बस सुटली वाटतं. ती आतच ऱ्हाईल."

मग दोघांच्या खुणा मिसळून चार उजेड कसे झाले, ते तिनं शेठजींना सांगितलं. प्रेमाबाईंनी सृष्टीच्या खांद्यावर हात ठेवला.

शेठजींनी भुवई उंचावली. "मग काय, दोघांनी एका टायमाला खूण करायचीच न्हाय?"

सृष्टी धावत आत गेली. चिंचोके घेऊन आली आणि बाकावर सहा जागा आखल्या. "आता चार न्हाय, सहा धप मोजायचे. चहा म्हंजे पहिला आन् दुसरा. भजी म्हंजे पहिला आन् चौथा. प्रेमामावशीनं फक्त आपल्या दोन जागा बघायच्या. बाकीच्या पेटल्या तर पेटू द्या, त्या दुसऱ्याच्या. उत्तरेश्वरकाकांनी आपल्या दोन. धोका म्हंजे सहाच्या सहा. आता चहाचे दोन आन् भजीचे दोन एकात मिसळले, तर सहा हुतील का?"

शेठजी बोटं मोजू लागले.

"आमच्या साळंत तर कवा झाले न्हाईत," उत्तरेश्वर म्हणाला.

"बघू तर करून! दोघं संगंच दाबा," शेठजींनी फर्मावलं.

आज्जी-आजोबा पेनं घेऊन बसले. सावध! धप, धप, धप, धप, धप, धप.  आणि पुढून प्रेमाबाई चहाचं ताट घेऊन आल्या, थोड्या वेळानं मागून उत्तरेश्वर गरम भज्यांचं. कुणीच पळालं नाही!

"आरं, व्हय की!" शेठजींनी मांडीवर थाप मारली. "पण पोरी, माजी माणसं बशीत चढवणार कोण?"

"त्यांच्यासाठी येगळी खूण. पाचवा आन् सहावा," सृष्टी म्हणाली. मामांनी ठेवलेला दुसरा कपलर तिनं एका पायात जोडला, त्यातून नवा धागा पुढच्या ओट्यावर आणला आणि तिथं एक पांढरं ताट उभं केलं. आजोबांनी पेन दाबलं. धप पाचवा, ताटात लाल ठिपका. धप सहावा, पुन्हा ठिपका. "ह्ये दिसलं की बस सुटायची."

पण बसच्या खिडक्यांतून आधीच पन्नास डोळे ताटावर खिळले होते. भज्यांचा वास होताच. पहिल्यांदा ते काठी विसरलेले म्हातारे उतरले, मग लेकरं, मग लेकरांच्या मागं सगळेच. ताटाभोवती गर्दी झाली. "आमाला बी दावा!" "कुठनं येतोय गं ह्यो उजेड?" सगळ्यांत पुढं गुडघ्यावर बसले होते खुद्द अमरनाथ शेठ, एका हातात भजं धरून. "आजून एकदा दाव की!"

ड्रायव्हर बसमध्ये एकटाच राहिला. त्यानं हॉर्न वाजवला. वाजवला, वाजवला, पण कुणी मान वळवली नाही.

मग सृष्टीनं काय केलं? ती गर्दीतून वाट काढत बसच्या दाराशी गेली आणि गल्ल्यावरचं लाल पेन तिनं वर ड्रायव्हरच्या हातात दिलं. "काका, धागा पुरतोय इथवर. आता तुमीच पाठवा. पाचवा आन् सहावा."

हॉर्न थांबला. ड्रायव्हरनं कान कांडपाकडं लावला आणि मोजायला सुरुवात केली.