पंच्याऐंशी टक्के कडू

कोपरखैरण्याच्या त्या घरात बीपी वाढलं धम्मपालांचं, पण घाम फुटला त्यांच्या मुलीला. संघप्रिया बी.एस्सी. होती, त्यामुळे घाबरायला तिला इतरांपेक्षा जास्त कारणं ठाऊक होती. (शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी ती आधी छातीवर हात ठेवायची, मग आपला गॅस बंद आहे ना ते बघायची.)

धम्मपाल बावीस वर्षं तुर्भ्याच्या एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवत होते. यंदाच्या मेडिकलला वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस निघाला. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा आणि पंधरा दिवसांनी या. तेव्हाही असंच असलं तर फोर्कलिफ्ट बंद. गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे." धम्मपालांना फोर्कलिफ्टवरून उतरवणं म्हणजे भर वरातीत नवरदेवाला घोड्यावरून उतरवण्यासारखं होतं. ते दोन दिवस धड जेवले नाहीत.

आता मीठ कमी करा हे कुणीही सांगेल, त्याला बी.एस्सी. कशाला लागतं? संघप्रियाने दुपारभर मोबाईल चाळला आणि तिला उपाय सापडला. कोकोने रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, म्हणून डार्क चॉकलेट खावं. ('किंचित उतरतं' असं तिथे लिहिलं होतं, पण घाबरलेल्या माणसाला 'किंचित' दिसत नाही.) संध्याकाळी ती वाशीहून चॉकलेटचे सहा बार आणि बीपीचं मशीन घेऊनच घरी आली.

पहिला तुकडा तोंडात ठेवून धम्मपाल म्हणाले, "हे जळलंय."

"पप्पा, पंच्याऐंशी टक्के डार्क आहे ते."

"पंच्याऐंशी टक्के जळलंय."

संघप्रियाच्या आईने, भिमाबाईंनी, एक कोपरा चाटून पाहिला. "कारल्यात निदान गूळ तरी घालता येतो."

"आई, औषध आहे ते."

"मग चॉकलेट कशाला म्हणतेस? उगाच आशा लागते माणसाला."

रोज सकाळी दोन तुकडे, संध्याकाळी दोन, आणि दोन्ही वेळा दंडाला पट्टा. "बोलू नका. पाय सरळ ठेवा. रिलॅक्स व्हा, पप्पा," हे ती अशा कापऱ्या आवाजात सांगायची की धम्मपालांना वाटायचं, आता नातेवाइकांना फोन करायचाच काय तो बाकी आहे. मशीन गुरगुरायचं. आकडा येईपर्यंत संघप्रिया श्वास घ्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी एकशे बावन्न. तिने दोनाचे तीन तुकडे केले. सहाव्या दिवशी एकशे छप्पन्न. तिनाचे पाच केले. दहाव्या दिवशी मशीनने एकशे एकसष्ट दाखवलं, तेव्हा तिने मशीन स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं आणि आकडा बघून ताबडतोब काढून ठेवलं.

अकराव्या दिवशी ती सकाळी अचानक स्वयंपाकघरात शिरली. धम्मपाल ओट्याला टेकून उभे होते. हातात चॉकलेटचा तुकडा, त्यावर कैरीच्या लोणच्याची फोड.

"पप्पा, हे काय?"

"कडू गिळवत नाही गं. सोबत काहीतरी लागतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," भिमाबाई पोळी उलटत म्हणाल्या. "तुकड्याला एक फोड. तू तुकडे वाढवलेस, मी फोडी वाढवल्या. आपली बरणी संपली परवाच. ही खालच्या नमिताकडून आणलीय."

संघप्रिया मटकन खाली बसली. खारवलेल्या लोणच्याच्या रोज दहा फोडी तिनेच वडिलांच्या पोटात घातल्या होत्या. फोर्कलिफ्ट गेली, असं म्हणून ती रडायलाच लागली. तिला रडताना बघून धम्मपालांच्या कानशिलाची शीर उडू लागली. भिमाबाईंनी गॅस बारीक केला.

"तू ऊठ. शिरवण्याला मावशीकडे जा मेडिकलपर्यंत. मशीन पण ने. तिचं मोज."

चॉकलेट बंद झालं, लोणचं बंद झालं. पंधराव्या दिवशी संघप्रिया शिरवण्याहून थेट तुर्भ्याला पोचली, तेव्हा डॉक्टर पट्टा सोडत होते.

"एकशे अठ्ठावीस. फिट. चालवा फोर्कलिफ्ट. काय केलंत?"

संघप्रिया पुढे सरसावली. "सर, डार्क चॉकलेट. कोकोमुळे रक्तवाहिन्या..."

"त्याने फार तर दोन-तीन आकडे उतरतात."

"लोणचंही सोडलं," धम्मपाल म्हणाले.

"धरा आणखी पाच-सात. बाकीचे?"

धम्मपालांनी मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ही चार दिवस मावशीकडे होती."

डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि कागद संघप्रियाच्या हातात दिला.

"पुढची तपासणी सहा महिन्यांनी," ते म्हणाले. "मावशींना आधी कळवून ठेवा."