मंगळावरचं जनावर

"हा तं खेकडा हाय," चहाचा कप चित्राशेजारी ठेवत बायको जरीना म्हणाली.

वहाब पेंटरने तोही कागद चुरगळून फेकला.

धानोऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या वहाबला पहिल्यांदाच वेगळं काम मिळालं होतं. नागपूरच्या एका मुलांच्या मासिकाचे संपादक बाजारात आले असता, किराणा दुकानाच्या पाटीवरचा त्याचा वाघ पाहून थबकले आणि मंगळ ग्रहावरच्या एका गोष्टीसाठी चित्र सांगून गेले. अट एकच होती : प्राणी कुणी कधी न पाहिलेला हवा.

जंगलातल्या गावात ही अट भलतीच जड होती. इथल्या माणसांनी सगळंच पाहिलेलं. पंख लावले की वटवाघूळ, खवले रंगवले की खवल्या मांजर, सहा पाय दिले की मुंगळा! शेवटी वहाबने चिडून अस्वलाच्या केसाळ धडावर कोंबड्याची मान चढवली, वर कंदिलाएवढा एकच डोळा बसवला आणि पायांच्या जागी चार सोंडा दिल्या. चित्र वाळायला ओसरीत टांगलं.

बाजारातून परतणारा मंगरू समोर येऊन थांबला. मंगरूचा जन्म जंगलात गेलेला. वहाबने लगबगीने विचारलं, "मंगरूभाऊ, याले कुठी पाह्यलं काय?"

मंगरूने चित्र वरून खाली न्याहाळलं. "नाई गा."

वहाबला उडी मारावीशी वाटली.

"पन तू कुठी पाह्यला?" मंगरूने विचारलं.

"कुठीच नाई. डोक्यातून काढला."

"खोटं कायले बोलतं बापा? न पाह्यल्या जनावराले इतके केस कोन काढते?"

मंगरूने जनावराची बातमी गावभर केली. दिवस मोहफुलं वेचायचे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं वेचताना सुकरीला झाडामागे खसफस ऐकू आली. तिच्या जावेला ती खसफस करणारी सोंड दिसली. कुणा तिसऱ्याला तर डोळाही दिसला, चांगला पेटलेला! बघता बघता जंगलात जाणं बंद पडलं. फुलं झाडांखाली सडू लागली, आणि अस्वलांची चंगळ झाली.

जंगलखात्याचा नाकेदार पत्रू काठी आपटत आला. "वहाबमिया, सायब विचारून राह्यले, जनावर कुठी पाह्यलं?"

"मंगळावर."

"मंगळवारी पाह्यलं, बरं. पन कुठी?"

वहाबने कपाळ बडवलं. बाहेर सुकरी रिकामं टोपलं घेऊन उभी होती. ते टोपलं त्याच्या जिवाला लागलं. त्याने कोरा कागद उचलला, भर बाजारात बैठक मारली आणि सगळ्यांदेखत तेच जनावर पुन्हा काढून दाखवलं. "पाहा! हाय काय समोर काई? हे डोक्यातून निघते!"

सगळा बाजार कागदावर वाकला. मग सुकरी हळूच म्हणाली, "न पाहता काढला, माय! किती जवळून पाह्यला असन यानं!"

आता मात्र वहाबने सत्य सांगायचा नाद सोडला. घरी येऊन त्याने मोठा कागद ताणला. जनावर उताणं पाडलं, चारही सोंडा आभाळाकडे केल्या, डोळा विझवला. छातीवर पाय देऊन, हाती बंदूक घेऊन पत्रू उभा!

चित्र टांगताच गाव लोटला. "पत्रूभाऊ, तुमी मारला काय जी?"

"मी?" पत्रू दचकला. त्याने चित्राकडे पाहिलं. चित्रातल्या मिशा त्याच्या मिशांहून बऱ्याच भरदार होत्या. त्याने काठी बगलेत मारली आणि आहेत त्या मिशांवरून हात फिरवला. "हाव. एकाच गोळीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खं गाव टोपली घेऊन जंगलात शिरलं. सुकरी तर सगळ्यांच्या पुढे होती. वहाब मात्र ओसरीत घोंगडं पांघरून बसला होता.

"चला ना जी," जरीना म्हणाली. "आता कायचं भेव? तुमीच तं काढला होता तो."

"मी काढला म्हनून तं मले मालूम हाय," वहाबने घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "तो एका गोळीत मरनारा नाई."