एकोणऐंशी काळे मणी

दमयंतीबाईंनी तुटलेलं मंगळसूत्र नवऱ्याकडे दिलं ते गाठवून आणायला. अणू करायला नव्हे! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे गावभर भलतंच बोललं गेलं.

धर्माजी मास्तर बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. चौऱ्याऐंशी साली पालघरला विज्ञान प्रदर्शन होतं आणि यंदा अणूच्या प्रतिकृती मांडून पहिला नंबर आणायचाच, असं त्यांनी मनावर घेतलेलं. थॉमसनच्या अणूला अर्धं कलिंगड पुरलं. गर धन, बिया ऋण. पुढे रुदरफोर्डने सोन्याच्या पत्र्यावर कण मारून केंद्रक शोधलं, बोरने इलेक्ट्रॉन कक्षांत बसवले. मग मास्तरांचा अणूही सोन्याचाच हवा! सायकलच्या ब्रेकच्या तारेची कडी, मध्ये बायकोच्या दोन वाट्या, आणि सोन्याच्या अणूत इलेक्ट्रॉन एकोणऐंशी, म्हणून भोवती तिचेच एकोणऐंशी काळे मणी. अहो, बाजारात मणी मिळत नव्हते का? पण नाही!

प्रदर्शनाच्या दिवशी दमयंतीबाई तणतणत तिथेच आल्या.

"अवो, उद्या भाचीचं लगीन हाय! रित्या गळ्यानं जाऊ काय मी?"

"हळू बोल गं! परीक्षक आलेत. संध्याकाळी देतो तुझं तुला."

परीक्षकांनी पेन्सिलीच्या टोकाने मणी मोजले.

"अठ्ठ्याहत्तरच? शेवटच्या कक्षेतला एक नाही. हा अणू नव्हे मास्तर, आयन झाला. बाद!"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. दमयंतीबाई भडकल्या, पण परीक्षकांवर.

"बाद कसा? माझ्या सौभाग्याचे मनी हायत ते!" त्यांनी पदराची गाठ सोडली. "ह्यो सकाळी केर काढताना गावला. बसवा!"

मणी बसला. पहिला नंबर आला!

"आता ही प्रतिकृती ठाण्याला जाईल," परीक्षक म्हणाले. "लाखेचं सील लावून ठेवू. महिनाभर कुणी हात लावायचा नाही."

"महिनाभर?" दमयंतीबाई ओरडल्या. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. मास्तर हार घालून घेत होते.

दुसऱ्या दिवशी बेटेगावच्या मांडवात दमयंतीबाईंच्या गळ्यात नुसता हळदीचा दोरा, त्यात एकच काळा मणी. बहिणीने, शैलाने, डोळे वटारले.

"आक्का, बाकीचं मंगळसूत्र कुटं हाय?"

"ठाण्याला चाललंय, नंबर आलाय त्याचा."

"आनि ह्यो एक?"

"लाख वितळवत होते तवा मी परत काढून घेतला. यांना नाय सांगितलं. ठाण्याला मोजतील, तवा कळंल!"