तळ्याकाठचं ऑफिसचं काम

आपलं गुपित कुणाच्या बापालाही कळणार नाही, अशी शिस्तोबांची पक्की खात्री होती!

शिस्तोबा म्हणजे विमा कचेरीतले हेडक्लार्क. पन्नाशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि चेहरा असा, की टेबलावरच्या टाचण्यांनीसुद्धा सावधान उभं राहावं. हे नाव ऑफिसानेच ठेवलेलं. तर असा हा माणूस रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की गावाबाहेरच्या तळ्यावर जायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि चपटे दगड वेचून पाण्यावर भिरकावायचा! दगड टुणटुण टप्पे घेत निघाला, की काय सांगू मंडळी, ब्रह्मानंदी टाळी! तेवढा तासभर त्यांना ना साहेब आठवायचा, ना रक्तदाब.

आता यात लपवायचं काय? पण मोठ्या माणसाचा छंद कसा, चारचौघांत शोभणारा हवा. पहाटे धावतो म्हणा, लोक माना डोलावतात. शेअर बाजार बघतो म्हणा, लोक बसायला खुर्ची देतात. ‘पाण्यात दगड मारतो’ म्हणून बघा, लोक डॉक्टरचा पत्ता देतील! म्हणून घरी एकच उत्तर ठरलेलं : ऑफिसचं काम.

घात केला तो कपडे धुण्याच्या मशीनने. खडाड् खट् खडाड्! बायकोने पँटच्या खिशातून चपटे, गुळगुळीत दगड काढले आणि त्यांच्या नाकासमोर धरले.

“अहो, हे काय?”

“हे? हे होय! ऑफिसची नवी इमारत होतेय ना, तिच्या फरशीचे नमुने!”

या हजरजबाबीपणावर शिस्तोबा स्वतःच इतके खूश झाले, की जेवताना दोन घास जास्त गेले. बायकोच्या धाकट्या भावाचं फरशीचंच दुकान आहे, एवढं मात्र ते साफ विसरले!

दुसऱ्या दिवशी मेहुणा थेट साहेबांच्या केबिनमध्ये हजर.

“साहेब, नव्या इमारतीची फरशी आपल्याच दुकानातून! घरचाच माणूस आहे.”

“कुठली नवी इमारत?”

“आता काय साहेब, माझ्यापासून लपवता! नमुनेसुद्धा आलेत. भावोजी खिशात घेऊन हिंडतात.”

साहेबांचा चहा बशीत सांडला. नवी इमारत होतेय आणि आपल्याला पत्ता नाही? म्हणजे नवा साहेबही ठरलाच असणार! बातमी केबिनच्या फटीतून बाहेर पडली. दुपारपर्यंत टायपिस्टबाई रडून मोकळ्या झाल्या आणि शिपायाने आपलं स्टूल बदलीच्या तयारीने सुतळीने बांधून ठेवलं. शिस्तोबांपाशी मात्र कुणी चकार शब्द काढेना. आतल्या गोटातला माणूस ना! उलट साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, स्वतः पंखा लावून दिला. शिस्तोबा गहिवरले. इतक्या वर्षांनी कामाची कदर झाली म्हणायची!

संध्याकाळी ते तळ्यावर पोचले. पँट दुमडली, दगड निवडला, हात मागे घेतला...

“हीच का ती जागा?”

मागे साहेब! ऑफिसपासून पाठलाग करत आलेले. साहेबांच्या मागे मेजरिंग टेप घेतलेला मेहुणा, आणि ‘चल ताई, भावोजींची इमारत बघू’ म्हणून त्याने ओढून आणलेली बायको.

“हे तळं बुजवणार?” साहेबांनी हात जोडले. “माझी बदली कुठे केलीये ते तरी सांगा हो!”

“साहेब, इमारत नाहीच! मी इथे दगड उडवायला येतो.”

“कशासाठी?”

“असंच.”

“वजन उतरतं का?” बायकोने विचारलं.

“नाही गं.”

“मग स्पर्धा असेल. बक्षीस काय?” मेहुणा.

“काही नाही रे बाबा! मजा येते!”

गंमत बघा मंडळी! फरशीचे नमुने खरे वाटले, न बांधलेली इमारत खरी वाटली, आणि मजा येते यावर मात्र तिघांचाही विश्वास बसेना!

“करून दाखवा,” साहेब गरजले. “नाहीतर उद्याच वर कळवतो, की हा माणूस कामाच्या नावाखाली कारस्थानं करतो. मग बसा घरी!”

शिस्तोबांनी देवाचं नाव घेतलं. वाकले. दगड सोडला.

डुबुक!

दुसरा. डुबुक! रोज टुणटुण जाणारे दगड आज ऐकेनात! साहेबांनी खिशातून फोन काढला.

“सरका जरा बाजूला,” बायको म्हणाली. तिने पदर खोचला, एक दगड तळहातावर तोलला, कमरेत वाकली आणि सपकन फेकला. टुण, टुण, टुण, टुण... दगड थेट पलीकडच्या काठावर! तिथला बगळा जीव घेऊन उडाला.

“ताई!” मेहुणा किंचाळला.

“आमच्या गल्लीत माझा हात कुणी धरत नव्हतं,” ती म्हणाली. “लग्नानंतर कुणी विचारलंच नाही.” आणि अशी हसली, की शिस्तोबा बघतच राहिले.

ते हसू बघून साहेबांना पटलं, यात खरंच मजा आहे. बदली टळल्याच्या आनंदात त्यांनी मेहुण्याला मिठी मारली. नोकरी वाचली!

परतताना शिस्तोबांना भरून आलं होतं. “उद्यापासून दोघं येऊ गं!”

“दोघं कसे? तुमच्या आईंना औषध कोण देणार? दुधापाशी कोण उभं राहणार? इतकी वर्षं तुम्ही आलात ना? आता मी येत जाईन.”

शिस्तोबांनी खिशातले उरलेले दगड काढून तिच्या ओंजळीत ठेवले!

परवा शेजारच्या मास्तरांनी खिडकीतून हाक मारली. शिस्तोबा चमचा घेऊन गॅसपाशी उभे होते.

“काय हो, हल्ली संध्याकाळी घरीच? एखादा छंद लावून घ्या की!”

“आहे ना मास्तर,” शिस्तोबा दुधावरची नजर न हलवता म्हणाले. “घरात एकच आहे. सध्या बायको वापरते!”