दस्तऐवज सुधारणा शिबिर

"पन्नास स्वयंसेवक! लिहून ठेव!" हितेशने बायकोला, मृणालीला, बजावलं. "रविवारी पेणच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरणार नाही!"

हितेश राहायला रोह्यात, नोकरीला धाटावच्या कंपनीत. शिफ्ट संपली की बसून त्याने पेणच्या गणपती कारखान्यांसाठी एक प्रोग्रॅम बनवला होता. कुठली मूर्ती कुणाची, किती फुटी, पितांबर कुठल्या रंगाचं, सगळं त्यात. वापरायला फुकट, आणि ज्याला जमेल त्याने सुधारावा. खोट एकच! तो वापरायचा कसा, हे हितेशशिवाय कुणालाच कळत नव्हतं. माहितीचं पान, म्हणजे डॉक्युमेंटेशन, त्यानेच लिहिलेलं. ते वाचून कारखानदार पुंडलिकशेठनी काहीतरी दाबलं आणि यादीतली दीडशे पितांबरं एका फटक्यात हिरवी झाली! रंगाऱ्याने ती इमानदारीत रंगवलीही!

"पंधरा दिवसांत ते पान सुधार," शेठ कडाडले, "नायतर सगले कारखाने वहीवर परत!"

म्हणून ते पान सोपं करून लिहिणाऱ्यांचं शिबिर. मृणाली म्हणाली, "अहो, फलकावर साधं लिहा ना, 'लिहायला माणसं हवीत' म्हणून."

"छे! शुद्ध मराठीला वजन असतं!" म्हणत त्याने फलक लावला: 'दस्तऐवज सुधारणा शिबिर. मोफत!'

रविवारी रांग पार रस्त्यापर्यंत! हितेशची छाती फुगली. पहिल्या आल्या गोदूबाई, मिठागरात जन्म घालवलेल्या. त्यांनी लॅपटॉपवर आधार कार्ड आपटलं.

"सुधार! सा वर्सं झाली, यात माना पुरुष लिवलाय!"

मागे काळुराम. त्याच्या रेशनकार्डावर सासऱ्याचं आडनाव. त्यामागे गागोद्याचा एक बाप्या, जन्मतारखेने स्वतःच्या वडलांपेक्षा चार वर्षांनी मोठा!

"अहो, हे ते दस्तऐवज नाहीत! माझं सॉफ्टवेअर आहे, सॉफ्टवेअर!"

"सॉफ्ट नको, कडक कर! लॅमिनेशन मार!" काळुराम म्हणाला.

"बोलावलास, आनी आता नाय बोलतंस?" रांग खवळली. मृणालीने खुर्ची ओढली, आधार केंद्रातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, कुठल्या कार्डासाठी कुठे जायचं, काय न्यायचं ते विचारून घेतलं आणि हितेशच्या हातात पेन दिलं.

हितेशने लिहिलं, 'अर्जदाराने प्रथमतः संबंधित कार्यालयाशी...'

"पोरा, पैला पाय कुठं टाकू, ता सांग!" गोदूबाईंनी अडवलं.

त्याने कागद फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. पाचव्या खेपेला गोदूबाईंनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी जण आपापल्या कामाचा तसा कागद घेऊन खुशीत घरी गेले.

"तुमचं लिहिलेलं आज पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं!" मृणाली म्हणाली.

हितेशला हुरूप आला. त्याने शेवटपर्यंत थांबून आता निघालेल्या गोदूबाईंना बसवलं आणि प्रोग्रॅमचं पान घडाघडा वाचून दाखवलं. "प्रणाली आरंभित करून बटण दाबावे, तदनंतर पुनश्च बटण..." गोदूबाईंनी ते सत्यनारायणाची पोथी ऐकावी तसं हात जोडून ऐकलं. मग हळूच विचारलं,

"ह्या तुला तरी समाजतंय का रं?"

हितेशने पानाकडे पाहिलं. मृणालीकडे पाहिलं. "नाय, आजी."

"मंग घे कागूद. बटन बटन करतंस, पन ता बटन हाय कुठं?"

हितेशने पान वरपासून खालपर्यंत चाळलं. नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं होतं!