पलंगाखालच्या हाताच्या पुनर्वसनाचा अहवाल

शनिवार, दिनांक ११ जानेवारी २०२५ रोजी सकाळी ठीक अकरा वाजता कळंबा येथे, अक्काताई मगदूम यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात, चित्रपट-रूपांतर समितीची बैठक भरली. (ठीक अकरा म्हणजे पावणेबारा.)

वय वाढते तसतशी माणसाची भीती ओसरत जाते, हे सर्वमान्य सत्य आहे. आणि समितीचे आम्ही चारही सदस्य पन्नाशी ओलांडलेले असल्याने आमच्या निर्भयतेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते.

विषय होता अक्काताईंचे वडील कै. तात्यासो यांची ‘पायथ्याशी कोण?’ ही अभिजात भयकादंबरी. तिच्या सातव्या प्रकरणात, पांघरुणाबाहेर राहिलेला मुलाचा पाय पलंगाखालून एक थंडगार हात अलगद धरतो. धरतो, आणि पुढे काहीच करीत नाही. (तीन पिढ्या भर मे महिन्यात पाय झाकून झोपल्या, त्या यामुळे.) हे प्रकरण राहिले तरच करारावर सही, ही अक्काताईंची एकमेव अट.

निर्माते विजयसिंह यांनी तांत्रिक हरकत घेतली. उचगावातील एकशे बारा घरांची पाहणी करून त्यांनी सिद्ध केले, की एकशे चार घरांतील पलंग आता पेटीचे असून आत जादा गाद्या, लग्नातली भांडी आणि एक व्यायामाचे यंत्र नांदते. (उर्वरित आठ घरांनी पलंगाखाली पाहण्यास नकार दिला.) सबब, हाताला राहायला जागाच नाही; प्रकरण काढावे. दिग्दर्शक अनेकांत यांनी हातास विस्थापित ठरवून त्याचे फ्रीजमागे पुनर्वसन सुचवले. मारामारीची दृश्ये बसवणारे केरबा वस्ताद यांनी, हाताला धड जोडावे व ते आपण एका डावात चितपट करावे, अशी उपसूचना मांडली. चिटणीस या नात्याने मी तिन्ही परस्परविरोधी सूचनांना अनुमोदन दिले.

“म्हंजे सातव्या प्रकरणात भ्यायसारखं काय न्हाय, म्हणा की,” अक्काताई म्हणाल्या.

“अजिबात न्हाय, अक्का! पोरं हसत्यात आता,” विजयसिंह म्हणाले.

“मग सोपं हाय. तात्यांचं हस्तलिखित आतल्या खोलीत, पलंगाखालच्या ट्रंकंत हाय. एकट्यानं जायचं, वाकायचं, हात घालून काढायचं. आणलंसा की प्रकरण खुशाल काढा. सही करतो मी.”

बाहेर लख्ख ऊन होते. विजयसिंहांचा गुडघा त्याच क्षणी धरला. केरबा वस्ताद छाती काढून म्हणाले, “ह्यो केरबा आजवर कुणाम्होरं वाकला न्हाय!” दिग्दर्शकाने मूळ कृतीपासून अंतर राखावे, हे तत्त्व अनेकांत यांनी वीस मिनिटे विशद केले. मी उठलो असतो, तर गणपूर्ती भंगली असती.

“तुम्हीच आणा की, अक्का,” केरबा वस्ताद हळूच म्हणाले.

“मी? सव्वीस वरसं झाली, त्या पलंगाखाली लांब दांड्याचा झाडू वापरतो मी.”

ठराव: सातवे प्रकरण शब्दशः ठेवावे. (एकमताने व पाय खुर्चीवर घेऊन संमत.) सही झाली.

हे इतिवृत्त वाचून लोक समितीला हसतील, अशी शंका मी व्यक्त केली. अक्काताईंनी पेनाला टोपण लावत निकाल दिला:

“हसू द्यात की. आज झोपताना पाय पांघरुणातच घेत्यात सगळी.”